एका रविवारची सहल : कान्हेरीचे रान, मंडपेश्वर आणि एरंगळचे जुने चर्च

भांडुपच्या डोंगरउतारावर राहणाऱ्या माणसाला बोरिवलीचे नॅशनल पार्क दाखवायला न्यायचे म्हणजे गंमतच आहे. पार्क आमच्या पाठीशीच आहे. सकाळी हंडा घेऊन दारात उभे राहिले की समोर दिसतो तो त्याच रानाचा डोंगर. पण त्याचा दरवाजा पलीकडे, बोरिवलीला. त्यामुळे आमच्या वस्तीतल्या माणसांना भांडुपहून दादर आणि दादरहून बोरिवली असा वळसा घालून, गाडी बदलून आपल्याच डोंगराकडे जावे लागते. बहुतेक जण म्हणूनच जात नाहीत. साठी ओलांडलेल्या आमच्या एका मावशी पन्नास वर्षे इथे राहिल्या, पण कान्हेरीची लेणी त्यांनी फक्त विहारातल्या कॅलेंडरवर पाहिली होती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही हा योग जुळवून आणला. महिला मंडळाच्या अकरा जणी, सात पुरुष आणि तेरा मुले असे एकतीस जण. वर्गणी मोठ्यांना साडेतीनशे आणि मुलांना दीडशे. वर्गणी ठरवताना वाद झाला नाही. वाद झाला तो सहलीच्या ठिकाणांवरून.

पार्क आणि कान्हेरी सर्वांना मान्य होते. आम्ही त्यात दोन ठिकाणे जोडली. एक म्हणजे बोरिवली पश्चिमेचे मंडपेश्वर, जिथे लेण्याच्या डोक्यावर जुन्या चर्चचे पडके अवशेष उभे आहेत. दुसरे मढजवळच्या एरंगळ गावचे समुद्रकाठचे चर्च. त्यावर एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "आपण बौद्ध माणसे. कान्हेरीला जाऊ, वंदना घेऊ, परत येऊ. चर्च कशाला पाहायचे?" त्यांचा प्रश्न रास्त होता. कष्टाच्या पैशातून वर्षाकाठी एक सहल निघते, ती वाया का घालवायची? आम्ही त्यांना एवढेच सांगितले, की कान्हेरीचे मोठे चैत्यगृहसुद्धा एके काळी चर्च होते. हे त्यांना ठाऊक नव्हते. वस्तीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हते. मग सगळेच तयार झाले.

पहाटे साडेपाचला निघून आठच्या सुमारास आम्ही पार्काच्या दारात पोहोचलो. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेकडून चालत पंधरा मिनिटे लागतात. दारावर प्लास्टिकच्या पिशव्या तपासतात, म्हणून जाणाऱ्यांनी डबे कापडी पिशवीत न्यावेत. सोमवारी पार्क आणि लेणी दोन्ही बंद असतात. सोमवारी साप्ताहिक सुट्टी असणाऱ्या कारखान्यातल्या बांधवांनी हे ध्यानात ठेवावे.

सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे रान मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध आहे. एवढ्या दाट वस्तीच्या शहरात एवढे रान असणे ही जगात विरळा गोष्ट आहे, असे जाणकार सांगतात. साग, पळस, हेदू, शिरीष आणि उतारावर दाट माजलेली कारवी. ही कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मग मरते. २०१६ मध्ये ती इथे फुलली होती, नंतर २०२४ मध्ये. आमच्या लहानपणी गावाकडे कुडाच्या भिंती ज्या कारवीच्या असत तीच ही, हे सांगितल्यावर मावशींनी एका काटकीला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "आमचं अख्खं घर हिचं होतं की."

वाघ-सिंहाची सफारी आम्ही केली नाही. मुलांनी तोंडे पाडली. पण ते वाघ कुंपणाच्या आतले, माणसाने सांभाळलेले असतात. जाळीच्या गाडीतून झोपलेल्या वाघाची पाठ पाहण्यासाठी एवढे तिकीट काढणे आम्हाला परवडण्यासारखे नव्हते. ज्यांना परवडते त्यांनी जरूर जावे. आमच्या मुलांना त्यापेक्षा रस्त्याकडेच्या वानरांनी आणि कुंपणापलीकडच्या चितळांनी जास्त आनंद दिला. एका माकडाने मात्र केळ्यांची अख्खी फणी पळवली. ती फणी खर्चात "इतर" या सदरात मांडली आहे.

खरा वन्य प्राणी या रानात आहे तो बिबट्या. त्याच्याबद्दल आमच्या मुलांना पुस्तकातून शिकायची गरज नाही. २०१५ मध्ये रानात कॅमेरे लावून जी मोजणी झाली, तिच्यात पार्क आणि आसपासच्या भागात ३५ बिबटे आढळले. पुढच्या मोजण्यांत हा आकडा वाढतच गेला. हा प्राणी रानातले हरीण खातो, तसाच वस्तीकडेचा कुत्राही खातो. कुत्री कचऱ्यावर जमतात आणि कचरा जिथे उचलला जात नाही तिथे साठतो. म्हणजे बिबट्या आमच्या गल्लीत येतो तो माणसाच्या वासाने नव्हे, कचरापेटीमागच्या कुत्र्यासाठी येतो. २००४ च्या जूनमध्ये एकाच महिन्यात दहा माणसे बिबट्यांच्या हल्ल्यात गेली होती. दुसऱ्या जिल्ह्यांतून पकडलेले बिबटे आणून इथे सोडल्यानेही प्रश्न बिघडला, असे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ऐन दिवाळीत आरे वसाहतीत दीड वर्षाची मुलगी गेली. अंधारात उघड्यावर संडासला जाणारे पोर आणि दिवा नसलेली गल्ली, या दोन गोष्टी जोवर आहेत तोवर निव्वळ पिंजरे लावून भागणार नाही. हे आम्ही वस्तीतल्या सभेत अनेकदा बोललो आहोत. बिबट्याच्या रानात उभे राहून मुलांना तेच पुन्हा सांगितले, तेव्हा ती जास्त लक्ष देऊन ऐकत होती.

दारापासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर आत आहे. पार्काच्या गाडीने आम्ही गेलो. वाटेत पाड्यांवरच्या वारली बायका काकडी आणि आवळे विकायला बसल्या होत्या. त्यांचे पाडे पार्काच्या आधीपासूनचे. रानाला सरकारी नाव मिळाले आणि त्या आपल्याच रानात परक्या ठरल्या. रानाच्या कडेच्या झोपडपट्ट्यांची गोष्ट निराळी, पण तिचा शेवट तोच. १९९५ साली उच्च न्यायालयात याचिका झाली, १९९७ साली अतिक्रमणे हटवण्याचा आदेश आला आणि २००० साली हजारो झोपड्या तुटल्या. आमच्या सहलीतल्या दोन घरांनी ते दिवस पाहिले आहेत. रान वाचले पाहिजे यात आम्हाला शंका नाही. मुंबई श्वास घेते ती या झाडांमुळे. पण रान वाचवायचे म्हटले की पहिली झोपडी आठवते आणि रानाच्या पोटातून जाणारे बोगदे मात्र विकासात जमा होतात, ही हिशोबाची पद्धत आम्हा कारकुनांना पटत नाही. ठाणे-बोरिवली आणि गोरेगाव-मुलुंड या दोन्ही रस्त्यांच्या बोगद्यांचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये एकाच दिवशी झाले.

कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. काळ्या कातळात कोरलेली शंभरावर लेणी. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास काम सुरू झाले आणि हजार वर्षे चालले. अजिंठा-वेरूळला जाण्याइतका पैसा आणि रजा ज्यांच्याकडे नाही, त्या मुंबईच्या कामगारासाठी लोकलच्या तिकिटात मिळणारे एवढे मोठे बौद्ध लेणे दुसरे नाही. पायऱ्या चढून तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहापुढे आलो आणि बायकांचा गलका आपोआप थांबला. दर्शनी भागात दोन्ही टोकांना सुमारे तेवीस फूट उंचीचे उभे बुद्ध आहेत. आत चौतीस खांबांची रांग आणि शेवटी स्तूप. दाराच्या बाजूंना स्त्री-पुरुषांची जोडपी कोरलेली आहेत. ती देवांची नाहीत, माणसांची आहेत. नवरा-बायको शेजारी शेजारी, एकाच उंचीवर उभे. आमच्यातल्या एका भगिनीने नवऱ्याला हाक मारून तिथे उभे केले आणि म्हणाली, "हे नीट बघा." सगळे हसले.

स्तूपापुढे आम्ही हलक्या आवाजात त्रिसरण-पंचशील घेतले. मेणबत्ती, अगरबत्ती लावली नाही. पुरातत्त्व खात्याची मनाई आहे आणि ती योग्यच आहे. दगडावर धुराचे थर चढवून भगवंताचा सन्मान होत नाही.

इथल्या शिलालेखांबद्दल थोडे सांगितले पाहिजे. चैत्यगृहाचा मोठा लेख यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाच्या काळातला आहे. पण लेणे खोदवले ते राजाने नव्हे, दोन व्यापारी भावांनी. आणि त्या लेखात फक्त दात्यांची नावे घालून काम संपवलेले नाही. देखरेख करणारे भिक्खू, दगडाचे कारागीर, दगड घासून गुळगुळीत करणारे, यांचाही उल्लेख तिथे आहे. आमच्यातल्या तिघांचे वडील खाणीत दगड फोडत होते. आज कुठलाही पूल बांधला तर पाटीवर उद्घाटन करणाऱ्याचे नाव येते, गवंड्याचे येत नाही. अठराशे वर्षांपूर्वीच्या या लेखाने दगड फोडणाऱ्याला विसरले नाही, हे ऐकून ते तिघेही बराच वेळ त्या भिंतीपाशी उभे राहिले.

इतर लेखांत कल्याण, सोपारा, नाशिक अशा गावांचे दाते आहेत. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दिली. पोढी म्हणजे कातळात खोदलेले टाके. कल्याणच्याच एका लोहाराने वाट बांधून दिली. म्हणजे ज्याच्याकडे पैसा होता त्याने लेणे दिले आणि ज्याच्याकडे थोडे होते त्याने पायवाट दिली. दोघांचीही नोंद दगडात झाली. भिक्खुणींची दानेही आहेत. लेण्यालेण्याशेजारी ही टाकी दिसतात आणि डोंगरावरचे पावसाचे पाणी त्यांत आणण्यासाठी कातळात पन्हळी खोदलेल्या आहेत. चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरवण्याची ती युक्ती. आमच्या बायकांनी मूर्तींपेक्षा या टाक्यांपाशी जास्त वेळ घालवला. पाणी भरण्यात ज्यांची निम्मी जवानी गेली, त्यांना त्याचे मोल अधिक कळते. याच डोंगराच्या कुशीत १८६० साली विहार तलाव बांधून पुरा झाला आणि मुंबईला पहिल्यांदा नळाचे पाणी मिळाले ते तिथून. त्याच तलावाच्या बाजूला राहणाऱ्या आमच्या वरच्या गल्लीत नळ यायला पुढे किती वर्षे लागली ते इथे सांगत बसत नाही.

आता चर्चचे. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांना दिली. त्यांच्यामागोमाग फ्रान्सिस्कन पंथाचे पाद्री आले. त्यांनी कान्हेरीचे हेच चैत्यगृह संत मायकेलच्या नावाने चर्च केले. त्याच स्तूपापुढे, त्याच चौतीस खांबांमध्ये येशूची प्रार्थना झाली. हे सांगितल्यावर सातवीतल्या एका मुलीने विचारले, "काका, मग त्यांनी आपलं मोडलं का?"

प्रश्न सोपा नाही, म्हणून उत्तर घाईने दिले नाही. पाद्री आले तेव्हा भिक्खू संघ तिथून कधीच गेलेला होता. शेजारच्या एका लेण्यात पारशी प्रवाशांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत, ती १००९ आणि १०२१ सालची. त्यानंतरच्या काही पिढ्यांत इथली वर्दळ आटत गेली. पोर्तुगीज आले तेव्हा गुहांत जोगी राहत होते, असे त्यांच्याच लेखकांनी लिहून ठेवले आहे. म्हणजे घर आधी रिकामे झाले आणि मग त्यात दुसरा शिरला. त्याने बळ वापरले नाही असे नव्हे. राज्य त्याचे, बंदूक त्याची. पण तेवीस फुटी बुद्ध आजही उभे आहेत आणि त्या पाद्र्यांचे इथे काही उरलेले नाही. दान का आटले, संघ का गेला, हा प्रश्न पाद्र्याला विचारण्याआधी आपण आपल्या इतिहासाला विचारला पाहिजे, असे आम्ही तिला म्हणालो. तिचे समाधान झाले असे वाटले नाही. न होवो. सातवीच्या मुलीचे इतक्यात समाधान होऊ नये.

झाडाखाली भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाऊन दीडच्या सुमारास आम्ही परत दाराशी आलो. तिथून बोरिवली पश्चिमेला मंडपेश्वर.

मंडपेश्वरच्या लेण्यापुढे मैदान आहे आणि त्यात मुले क्रिकेट खेळत होती. हे लेणे बौद्ध नाही, शैवांचे आहे, सुमारे आठव्या शतकातले. आत नटराजाची आणि लकुलीशाची शिल्पे आहेत, बरीच फुटलेली. याच पाद्र्यांनी या लेण्याचेही चर्च केले आणि वरच्या टेकाडावर मोठी शाळा व मठ बांधला. त्याच्या उंच भिंती आज छपराविना उभ्या आहेत, कमानींतून आभाळ दिसते आणि भिंतीच्या भेगांतून पिंपळ उगवलेला आहे. लेण्याच्या एका बाजूला मूळ शिल्प तासून त्या जागी मोठा क्रूस कोरलेला दिसतो. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, साष्टीतले पोर्तुगीज राज्य संपले आणि लेण्यात पुन्हा शिवपूजा सुरू झाली. इंग्रज आल्यावर पुन्हा ख्रिस्ती उपासना झाली. आज गाभाऱ्यात पिंडीची पूजा होते, सगळ्या जागेवर पुरातत्त्व खात्याची पाटी आहे आणि पलीकडे नवे चर्च भरभरून चालते. एकाच कातळावर तीन-चार वेळा मालकी बदलली.

इथे त्या मुलीने पुन्हा तोंड उघडले. "इथं तर खरंच मोडलंय. मग शंकराची माणसं रागावत नाहीत?" आमच्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांनीच, जे चर्चला यायला तयार नव्हते, तिला उत्तर दिले. "रागावतात ना. रागावणारे पुष्कळ आहेत. पण या मैदानात बघ, बॉलिंग करणाऱ्याच्या गळ्यात क्रूस आहे आणि बॅटिंग करणाऱ्याच्या गळ्यात रुद्राक्ष." आम्ही पाहिले तर खरोखरच तसे होते. कुणी कुणाची जागा कधी घेतली याचे कागद आज उकरायला बसले, तर साष्टीतली एकही टेकडी वादातून सुटणार नाही. आपल्या लेण्यांवर झालेल्या कब्जांची जाण आपण ठेवलीच पाहिजे, त्यासाठी कायद्याने भांडलेही पाहिजे. पण शेजाऱ्याच्या पोराचे क्रिकेट बंद पाडून नव्हे.

आणखी एका चर्चची माहिती आमच्याच एका मुलीने दिली. ती अंधेरीला सीप्झमध्ये दागिन्यांच्या कारखान्यात काम करते. त्या कारखान्यांच्या वसाहतीच्या आत झाडीत संत जॉन बाप्टिस्टचे पडके चर्च आहे. जेसुइट पाद्र्यांनी १५७९ साली बांधलेले. १८४० च्या सुमारास साथीच्या रोगाने ते गाव उठले, माणसे मरोळला गेली आणि मूर्ती व बाप्तिस्म्याचे दगडी पात्रही तिकडे नेले. पुढे तिथे औद्योगिक वसाहत झाली आणि चर्च कुंपणाच्या आत अडकले. आता वर्षातून एकदा, मे महिन्यात, गावकऱ्यांना आत जाऊन प्रार्थना करू देतात. आमची ही मुलगी चार वर्षे रोज त्याच वसाहतीत कामाला जाते. आपल्या पूर्वजांच्या देवळात जायला पास लागतो म्हणून मरोळच्या म्हाताऱ्या रडतात, असे तिने ऐकले होते. भांडुपहून आपल्या डोंगराकडे वळसा घालून आलेल्या आम्हाला हे लगेच कळले.

बोरिवलीहून लोकलने मालाड आणि मालाडहून मढची २७१ नंबरची बस. बसला गर्दी होती, मुले पेंगत होती आणि दोघांना उलट्या झाल्या. वाचकांनी लहान मुले बरोबर असतील तर एरंगळ वेगळ्या दिवशी करावे, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. पाचला आम्ही एरंगळला उतरलो.

नारळीच्या झाडांतून वाट जाते आणि एकदम समुद्र दिसतो. वाळूच्या कडेलाच संत बोनाव्हेंचरचे चर्च उभे आहे. १५७५ सालचे, पोर्तुगीज घाटाचे, पांढरे, जाड भिंतींचे. शहरातल्या चर्चसारखा थाटमाट नाही. साडेचारशे वर्षे खारा वारा खाऊन ते तिथे आहे. दरवर्षी जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी इथे मोठी जत्रा भरते. मुंबईभरचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती सहकुटुंब येतात, वाळूत चुली मांडतात, बाया लुगडी नेसून येतात आणि दिवस काढतात. ख्रिस्ती नसलेले कोळीही येतात.

दार बंद होते. शेजारच्या घरातल्या एक वयस्क बाई बाहेर आल्या, कुठून आलात विचारले आणि बसायला ओटा दाखवला. त्यांचे मराठी आमच्या मावशींना चटकन कळले. अस्सल साष्टीची बोली. या समाजाला ईस्ट इंडियन हे नाव कसे पडले ते पुष्कळांना ठाऊक नसते. इंग्रजांच्या काळात गोव्याहून आलेले ख्रिस्तीही नोकरीच्या रांगेत उभे राहिले. तेव्हा आम्ही इथले मूळचे, कंपनी सरकारच्या मुलखातले, हे दाखवण्यासाठी १८८७ साली यांनी हे नाव घेतले. म्हणजे शेवटी प्रश्न नोकरीचाच. साष्टी-वसईच्या या ख्रिस्ती लोकांत कोळी, भंडारी, कुणबी आणि वसईकडे सामवेदी ब्राह्मण, अशी मूळ जातींची ओळख धर्म बदलल्यावरही पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली.

हे ऐकून आमच्यातल्या एका तरुणाने टोमणा मारला, "चारशे वर्षांत त्यांना जात सोडता आली नाही." त्याला आम्ही तिथेच थांबवले. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. त्याला सत्तर वर्षे होत आली. तरी सोयरीक जुळवताना "कोकणातले की घाटावरचे?" हा प्रश्न आपल्या घरात अजून विचारला जातो. वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर आम्ही स्वतः तो रकाना पाहिलेला आहे. हा तरुणही लग्नाचाच आहे. तो गप्प झाला, पण त्याच्या आईने मान डोलावली ती आमच्याकडे पाहून की त्याच्याकडे, ते कळले नाही.

बाईंनी आमच्यातल्या एकीला विचारले, तुम्ही कोण? "बौद्ध," ती म्हणाली. "आमच्यातही आहेत तुमच्यातले," बाई म्हणाल्या. त्यांना कुणी अहमदनगरकडच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडच्या ओळखीच्या माणसांविषयी म्हणायचे होते. हे खरेच आहे. नगर, जालना या भागांत आपले कितीतरी नातलग मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले. गावकुसाबाहेरची वस्ती तीच राहिली, फक्त तिथे प्रार्थनाघर आले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना तो मिळाला आणि बौद्धांना मिळायला १९९० साल उजाडावे लागले. त्या चौतीस वर्षांत आपल्या किती मुलांच्या हातून जागा गेल्या, हे आपल्या पिढीला सांगायला नको. ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो दर्जा मिळालेला नाही. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नासाठी आयोग नेमला. या मागणीवर आपल्या समाजात दोन मते आहेत. वाटा कमी होईल ही भीती खोटी म्हणता येत नाही. पण १९९० पूर्वी आपल्यालाही हेच ऐकवले जात होते, हेही आठवावे लागते.

ओट्यावर बसून आम्ही उरलेल्या भाकऱ्या सोडल्या. बाईंनी आतून पाण्याचा तांब्या आणला, मग दुसरा, मग मुलाला सांगून कळशीच आणली. एकतीस माणसांना पाणी पुरवणे सोपे नाही. आमच्या मावशींनी तांब्या हातात घेतला, तोंड लावायच्या आधी क्षणभर थांबल्या आणि मग वरून न पिता तांब्याला ओठ लावूनच प्यायल्या. ज्यांच्या लहानपणी ओंजळीत वरून पाणी ओतले जायचे, त्यांना हे समजावून सांगायला लागत नाही. बाईंना यातले काही कळले की नाही कोण जाणे. त्यांनी मावशींच्या डब्यातली बोंबलाची चटणी चाखली आणि बोंबील कुठून घेता म्हणून चौकशी केली. भांडुप स्टेशनाबाहेर घेतो म्हटल्यावर त्यांनी नाक मुरडले आणि समोर वाळूत काठ्यांवर टांगलेले बोंबील दाखवले. परत येताना आमच्या सगळ्या पिशव्यांना त्याचा वास होता. मालाडच्या बसमध्ये दोन सीट आपोआप रिकाम्या मिळाल्या.

जमाखर्च असा: जमा ८,२५० रुपये, प्रवास, तिकिटे, चहा, केळी आणि इतर मिळून खर्च ७,६१० रुपये, शिल्लक ६४० रुपये. बोंबील ज्याचे त्याने घेतले, ते यात धरलेले नाहीत. शिल्लक महिला मंडळाच्या खात्यात जमा केली आहे. पुढच्या सहलीला सोपाऱ्याचा स्तूप आणि वसईचा किल्ला ठरला आहे. त्या सातवीतल्या मुलीने यादीत आपले नाव पहिले लिहून घेतले आहे.